कलाकारांनी चालवलेलं छोटं कलादालन: तास, पैसा, भिंती आणि माणसं यांचा हिशेब

छोटं कलादालन काढायचं ठरलं की पहिली बैठक भाड्यावर होते, दुसरी नावावर. आपल्या हाताशी माणसांचे तास किती, हा प्रश्न बहुतेक वेळा पहिलं प्रदर्शन उतरवताना समोर येतो, आणि तोवर दोघं-तिघं दमून बाजूला झालेले असतात. भाडं थकलं तर मुदत मागता येते, माणसं थकली तर दार उघडायलाच कोणी उरत नाही. म्हणून हिशेबाची सुरुवात तासांपासून करा.

एका साध्या प्रदर्शनाचा हिशेब मांडू. चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस, रोज चार तास दालन उघडं ठेवायचं, म्हणजे एका माणसाचे ६४ तास. मांडणीला तीन माणसं, तीन दिवस, रोज सहा तास: ५४. उतरवणं, बांधणं, भिंती पूर्ववत करणं यासाठी दोन माणसं दोन दिवस: २४. उद्घाटनाच्या संध्याकाळी पाच जण चार-चार तास: २०. माहितीपत्रक, निमंत्रण, किंमतपत्रक, फोटो, पत्रव्यवहार, जमाखर्च मिळून निदान ३०. एकूण १९२ तास. वर्षाला आठ प्रदर्शनं धरली तर १५३६ तास. सहा जणांचा गट असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला २५६, म्हणजे महिन्याला २१ तास. नोकरी आणि स्वतःचं काम सांभाळून माणूस महिन्याला बारा ते पंधरा तास देऊ शकतो. तेही वर्षानुवर्षं द्यायचे असतात, उत्साहाच्या पहिल्या दोन महिन्यांपुरते नव्हे.

प्रदर्शनं पाच केली की आकडा ९६० वर येतो, माणशी महिन्याला साधारण १३. हे पेलतं. दालन चारऐवजी तीन दिवस उघडं ठेवलं तर दर प्रदर्शनामागे आणखी १६ तास वाचतात. एरवी कोणी आगाऊ कळवून आलं तर दार उघडून द्यायचं. पाच प्रदर्शनं, प्रत्येकाला चार आठवडे आणि मधे बदलासाठी दोन, असे तीस आठवडे झाले. उरलेल्या बावीस आठवड्यांत कार्यशाळा, वाचन, सदस्यांचं काम, डागडुजी आणि विश्रांती. ही विश्रांती वर्षाच्या आराखड्यात तारखांसकट लिहा. लिहिली नाही तर त्या जागी कोणाचं तरी प्रदर्शन येऊन बसतं आणि नाही म्हणायला कोणालाच जमत नाही.

गट आणि नियम

पाच ते नऊ जणांचा गट सोयीचा पडतो. तिघांत एक आजारी पडला की सगळं अडतं, बाराजणांत प्रत्येक निर्णयाला महिना लागतो. विषम संख्या मतदानाला बरी.

अशी दालनं जगभर वेगवेगळ्या बांधणीवर उभी राहिली आहेत. आपल्याला कोणती मानवेल हे आधी ठरवा, कारण पुढचे निम्मे नियम त्यातूनच येतात. न्यूयॉर्कची ए.आय.आर. गॅलरी १९७२ साली स्त्री-कलाकारांनी सहकारी तत्त्वावर काढली. तिथे सदस्यच दालन चालवतात आणि स्वतःचं काम मांडतात. ग्लासगोची ट्रान्समिशन १९८३ पासून बिनपगारी समितीच्या हाती आहे, आणि ठरावीक काळानंतर समितीतली माणसं बदलतात. व्हँकुव्हरचं वेस्टर्न फ्रंट १९७३ साली आठ कलाकारांनी मिळून काढलं. त्यांनी इमारतच विकत घेतली, त्यामुळे भाडं वाढलं म्हणून हलण्याची पाळी आली नाही. स्वतःसाठी भिंत हवी असेल तर पहिली बांधणी, इतरांसाठी हवी असेल तर दुसरी. दोन्हींची सरमिसळ करायची तर चालेल, पण वर्षातली किती प्रदर्शनं सदस्यांची आणि किती बाहेरच्यांची, हा आकडा कागदावर असू द्या. भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात.

नियमांचा कागद दोन पानांचा पुरे. नवा सदस्य कसा घ्यायचा, जुना कसा बाहेर पडतो आणि त्याची अनामत परत मिळते का, बहुमत म्हणजे किती, किती रकमेपर्यंतचा खर्च एकट्याने करता येतो, आणि स्वतःच्या जोडीदाराच्या, विद्यार्थ्याच्या किंवा जवळच्या मित्राच्या प्रस्तावावर मत कोणी द्यायचं नाही, एवढं त्यात हवं. शेवटचा नियम पहिल्याच दिवशी करा. नंतर केला तर तो कोणा एकावर रोखल्यासारखा वाटतो.

बँकेचं खातं संस्थेच्या नावाने उघडा आणि पैसे काढायला दोन सह्या लागतील असं करून घ्या. त्यासाठी संस्थेची नोंदणी लागते. न्यास, सहकारी संस्था की कंपनी, हे आपल्या भागातल्या कायद्याप्रमाणे जाणकाराला विचारून ठरवा. एका सदस्याच्या खासगी खात्यातून दालन चालवलं तर कर त्याच्या डोक्यावर बसतो, आणि तो गट सोडून गेला की हिशेबही त्याच्याबरोबर जातात.

जागा बघताना

मोजपट्टी, टॉर्च, पारदर्शक प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी घेऊन जा. आधी दार आणि जिना मोजा. दाराची मोकळी रुंदी १.२ मीटर असेल तर बहुतेक कामं आत येतात. जिना असेल तर वळणावरची जागा मोजा. दोन मीटरचा कॅन्व्हास दारातून सहज येतो आणि वळणावर अडकतो.

मग ओल. रंग ताजा दिसला तर जास्तच सावध व्हा. बाहेरच्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर साधारण ४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली ओल आहे, ती वारा खेळवून आटोक्यात आणता येते. भिंतीतली ओल मात्र घरमालकानेच बंद करायची असते, आणि ती भाडेकरारावर सही होण्याआधी.

भाडेकरारात पाच गोष्टी शोधा. मुदत किती आणि ती वाढवण्याचा पहिला हक्क कोणाचा. दरवर्षीची वाढ किती टक्के. छप्पर, नळ आणि वीजवाहिनीची दुरुस्ती कोणाकडे. मागची खोली दुसऱ्याला देता येते का. आणि सोडताना भिंती मूळ रूपात करून द्यायच्या का. शेवटचं कलम असेल तर जागा घेतल्याच दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. जागेत कार्यक्रम करण्याची, लोक जमवण्याची परवानगी लेखी घ्या. आपत्कालीन बाहेर पडण्याची वाट मोकळी राहील अशीच मांडणी करा. तिथे शिल्प ठेवायचा मोह प्रत्येक तिसऱ्या प्रदर्शनात होतो.

पैसा कुठून, कुठे

वर्षाचा खर्च १०० धरून नमुना बघा: भाडं ५५, वीज आणि इंटरनेट ८, विमा ५, रंग-डागडुजी १०, कलाकारांचं मानधन १५, फोटो आणि छपाई ७. आपले आकडे वेगळे येतील, पण एक कसोटी सगळ्यांना लागू आहे. भाडं, वीज आणि विमा मिळून इथे ६८ होतात. हे ६८ दरमहा न चुकता येणाऱ्या पैशातूनच निघाले पाहिजेत: समजा सदस्यांची वर्गणी ४० आणि मागच्या खोलीत स्टुडिओ म्हणून दिलेल्या जागेचं भाडं २८. उरलेले ३२ विक्रीतला वाटा, मुद्राचित्रांच्या आवृत्त्या आणि अनुदान यांतून आणा. अनुदानावर भाडं भरायला सुरुवात केली की वर्षभरात दालन अर्ज लिहिण्याचं कार्यालय होतं, आणि एखादं वर्ष अनुदान हुकलं की कुलूप लागतं.

दार उघडण्याआधी तीन महिन्यांचा स्थिर खर्च बाजूला ठेवलेला हवा. पुढे तो सहा महिन्यांपर्यंत वाढवत न्या. ही गंगाजळी कशासाठी मोडायची तेही लिहून ठेवा: भाडं, अपघात, तातडीची दुरुस्ती. सुंदर पुस्तिका छापायला नाही.

मानधनाचा प्रश्न पुढे ढकलू नका. दालन तुटपुंजं असलं तरी कलाकाराने साहित्य, वाहतूक आणि दिवस घातलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये २००८ साली सुरू झालेल्या वेज या कलाकारांच्या चळवळीने मानधनाची सांगड संस्थेच्या वार्षिक खर्चाशी घातली. ही रीत छोट्या दालनालाही झेपते: वर्षाच्या खर्चाचा ठरावीक टक्का मानधनासाठी काढून ठेवायचा आणि प्रदर्शनांत विभागायचा. रक्कम लहान असली तरी ती आधी सांगितलेली आणि वेळेवर दिलेली असावी. कलाकाराकडून भिंतीचं भाडं घेणं हा सोपा मार्ग दिसतो खरा. पण एकदा तो धरला की प्रस्तावाचा दर्जा बघणं आपोआप मागे पडतं, आणि लोकांनाही ते कळतं.

मुद्राचित्रांची आवृत्ती हा उत्पन्नाचा चांगला मार्ग आहे. वर्षातून एकदा, एका कलाकाराची, ३० प्रतींची आवृत्ती. प्रत्येक प्रतीवर सही आणि १/३०, २/३० असा क्रमांक. कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती वेगळ्या मोजा आणि त्यांची संख्या करारात लिहा. छपाईचा खर्च आधी वजा करून उरलेलं निम्मं-निम्मं वाटा. तीस जाहीर करून नंतर आणखी दहा छापल्या तर ज्यांनी विश्वासाने आधी घेतल्या त्यांची ती फसवणूक होते.

विक्रीत दालनाचा वाटा २० ते ३० टक्के ठेवा. व्यावसायिक गॅलऱ्या बऱ्याचदा निम्मा घेतात, पण त्या कलाकारासाठी वर्षभर ग्राहकांशी संबंध राखतात. तेवढं काम होत नसेल तर तेवढा वाटा मागू नये. विक्री जमली की किंमतपत्रकावर लाल ठिपका लावा, पण काम पैसे पूर्ण जमा झाल्यावरच हातात द्या. सवलत कोण देतो, कितीपर्यंत, आणि ती कोणाच्या वाट्यातून जाते, हे आधी ठरलेलं असावं. दहा टक्के दोघांनी निम्मे-निम्मे सोसायचे ही रास्त पद्धत.

छोटी दालनं सगळ्यात जास्त बदनाम होतात ती इथे. १०० ला काम विकलं, त्यातले २५ दालनाचे, ७५ कलाकाराचे. हे ७५ दालनाचे कधीच नव्हते. तरी ते त्याच खात्यात पडून असतात आणि महिनाअखेरीस भाड्याला जातात, ‘पुढच्या विक्रीतून देऊ’ म्हणून. पुढची विक्री होत नाही. यावर उपाय एकच: विक्रीसाठी वेगळं खातं, त्यातून ३० दिवसांच्या आत कलाकाराला पैसे, आणि मगच आपला वाटा मुख्य खात्यात. उशीर होणार असेल तर कलाकाराने विचारण्याआधी आपणच कळवायचं.

करारनामा आणि स्थितीची नोंद

ओळखीचा असो, मित्र असो, प्रत्येक कलाकाराशी एक पानाचा करार करा. कामांची यादी (नाव, साल, माध्यम, मापं, किंमत), विकलं जाईपर्यंत मालकी कलाकाराचीच असल्याचं वाक्य, दोघांचे वाटे, मानधन, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, विमा कोणाचा आणि कुठून कुठपर्यंत, काम परत नेण्याची शेवटची तारीख, फोटो कुठे वापरायचे. विमा फक्त दालनात असतानाचा घेतला तर वाटेतलं नुकसान त्यात बसत नाही, आणि कामं मोडतात ती बहुधा वाटेतच. कलाकाराच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे पोचेपर्यंतचा विमा मिळतो का ते विचारा. न्यायची तारीख लिहिली नाही तर दोन वर्षांत मागची खोली गोदाम होते.

काम आलं की उघडतानाच स्थितीची नोंद करा. टेबलावर स्वच्छ चादर, हात धुतलेले, टॉर्च हातात. समोरून एक फोटो, चार कोपऱ्यांचे चार, मागून एक. मग टॉर्च चित्राच्या बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. समोरून न दिसणारी भेग, सुटलेला रंग, कॅन्व्हासचा पोचा, काचेवरचा चरा, सगळं त्या तिरप्या उजेडात उठून दिसतं. जे दिसेल ते जागेसकट लिहा: ‘उजवा खालचा कोपरा, ४ मिलिमीटर, रंग उडालेला’. तारीख आणि दोन सह्या. परत पाठवताना तोच कागद घेऊन पुन्हा बघायचं. वीस मिनिटांचं हे काम, पण ‘हे आधीच होतं’ आणि ‘तुमच्याकडे झालं’ हा वाद त्याच्यापुढे टिकत नाही.

भिंत, मांडणी, उजेड

खोटी भिंत उभारायची असेल तर १२.५ मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डामागे १२ मिलिमीटरचं प्लायवूड सलग लावा. नुसत्या बोर्डात स्क्रू धरत नाही, आणि दरवेळी आधार शोधत ठोकून बघावं लागतं. प्लायवूड असलं की हवं तिथे स्क्रू जातो. खर्च एकदाच होतो, फायदा प्रत्येक मांडणीत मिळतो.

रंग मॅट पांढरा, तकाकी नसलेला. वीस मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंती म्हणजे ६० चौरस मीटर. एक लिटर इमल्शन एका हातात साधारण १० ते १२ चौरस मीटर जातं, तेव्हा दोन हातांना १० ते १२ लिटर लागेल. दोन लिटर जास्त घ्या आणि त्याच लॉटचा डबा खुणा बुजवायला जपून ठेवा. दुसऱ्या लॉटचा पांढरा वेगळा दिसतो. रंग हाताला कोरडा लागला तरी काम लगेच टेकवू नका. दोन दिवस जाऊ द्या, नाहीतर चौकटीची मागची कड भिंतीला चिकटते आणि काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते.

मांडणीच्या दिवशी कामं भिंतीलगत जमिनीवर उभी करा, पण उघड्या फरशीवर नाही. खाली फोमचे ठोकळे किंवा घडी घातलेलं ब्लँकेट असावं. जागा ठरेपर्यंत एकही भोक पाडायचं नाही. मग टांगणी अशी:

१. मध्यरेषा ठरवा. जमिनीपासून १५० सेंटिमीटर, १४५ ते १५२ मध्ये कुठेही चालेल, पण संपूर्ण दालनात एकच.

२. चित्राची उंची मोजा. समजा ८४ सेंटिमीटर, निम्मी ४२.

३. मागच्या तारेला भिंतीवरच्या दोन हुकांमध्ये जितकं अंतर असेल तितक्या अंतरावर दोन बोटं घालून वर ताणा आणि चौकटीच्या वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंत मोजा. समजा ९ सेंटिमीटर. एकाच बोटाने ताणलं तर तार जास्त वर येते, माप चुकतं आणि चित्र ठरल्यापेक्षा वर बसतं.

४. हुकाची उंची: १५० + ४२ − ९ = १८३ सेंटिमीटर.

५. दोन हुक, लेव्हलने सरळ रेषेत. एका हुकावर टांगलेलं चित्र दाराच्या प्रत्येक धक्क्याने कलतं. तारेऐवजी थेट चौकटीमागच्या कड्यांवर, म्हणजे डी-रिंगवर, टांगायचं असेल तर दोन्ही रिंग वेगवेगळ्या मोजा, त्या क्वचितच एका उंचीवर असतात.

आडव्या अंतराचं गणित सोपं आहे. भिंत ६०० सेंटिमीटर, चार चित्रांची रुंदी ९०, ६०, ६० आणि १२० मिळून ३३०. उरले २७०, पाच जागांत विभागले तर प्रत्येकी ५४. ही झाली सुरुवात. नंतर दोन पावलं मागे जाऊन डोळ्यांनी बघा. गडद, जड चित्राला थोडी जास्त मोकळीक लागते, एका मालिकेतली चित्रं जवळ आली तरच मालिका वाटतात. एक काम कमी लावल्याने सहसा काही बिघडत नाही. एक जास्त लावल्याने भिंत घुसमटते. कलाकाराला हे पटवणं कठीण जातं, पण ते आपलं काम आहे.

दिवे भिंतीपासून किती दूर? प्रकाश उभ्या रेषेशी ३० अंशांत पडावा. छताच्या उंचीतून १.५ मीटर वजा करा आणि ०.५८ ने गुणा. ३.२ मीटरच्या छताला हे १.७ × ०.५८, म्हणजे सुमारे १ मीटर येतं. दिव्यांची पट्टी, म्हणजे ट्रॅक, याहून जवळ आला तर चौकटीची लांब सावली चित्रावर पडते, दूर गेला तर बघणाऱ्याची. एलईडी घेताना रंग दाखवण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर बघा, आणि सगळे दिवे एकाच छटेचे, ३००० केल्व्हिनच्या आसपास.

कागदावरची कामं, फोटो आणि कापड यांना ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक), तैलरंग आणि अ‍ॅक्रिलिकला २०० पर्यंत. प्रकाशाची इजा साठत जाते, म्हणून तासांनी गुणून बघा. ५० लक्सखाली ६४ तासांचं प्रदर्शन म्हणजे ३२०० लक्स-तास. खिडकीलगतच्या भिंतीवर दिवसा १००० लक्स सहज असतात, आठ तासांत ८००० झाले. म्हणजे दालन बंद असलेल्या एकाच दिवसात जलरंगाने महिन्याभराच्या अडीचपट उजेड खाल्ला. खिडकीवर फिल्म लावल्याने अतिनील किरण अडतात, पण दिसणाऱ्या उजेडानेही रंग विटतो. कागदाच्या प्रदर्शनात पडदा ओढून घ्या, विशेषतः बंदच्या दिवशी.

उतरवणं

मांडणीला सगळे येतात, उतरवायला दोघंच. म्हणून उतरवण्याच्या तारखेला नावं मांडणीच्याच दिवशी लिहून घ्या.

अ‍ॅक्रिलिकचा थर वाळला तरी किंचित मऊ राहतो. बबल रॅप त्याला थेट लागला, वर उष्णता आणि दाब आला, की गोल गोल ठसे उमटतात आणि ते निघत नाहीत. आधी ग्लासाइन हा गुळगुळीत कागद, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे टोप, त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. काच असेल तर तिच्यावर मास्किंग टेपची जाळी करा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. काचेऐवजी लावलेल्या अ‍ॅक्रिलिक शीटवर मात्र टेप लावायचा नाही, डिंक राहतो.

भोकं बुजवताना घाई केली की पुढच्या प्रदर्शनाच्या तिरप्या उजेडात प्रत्येक जुनं भोक दिसतं. प्लग काढा, भोकाभोवतीची उठलेली कड सुरीने छाटा, पुट्टी भिंतीपेक्षा किंचित वर राहील अशी भरा. पूर्ण वाळली की १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. रंग ब्रशने टेकवू नका, छोट्या रोलरने द्या. ब्रशचा पोत वेगळा पडतो आणि तो डाग म्हणून दिसतो.

प्रस्ताव, फोटो, कागदपत्रं

प्रस्ताव वर्षातून एकदा मागवा, प्रवेशशुल्क न घेता, आणि निवड नऊ महिने आधी करा. नाकारलेल्या प्रत्येकाला ठरल्या तारखेपर्यंत उत्तर गेलंच पाहिजे. दोन ओळी चालतात, मौन चालत नाही. प्रस्ताव वाचताना जागेच्या मापाचा आराखडा समोर ठेवा, कारण कागदावर उत्तम दिसणाऱ्या अर्ध्या कल्पनांना आपल्यापेक्षा दुप्पट जागा लागते.

प्रदर्शन संपलं की मागे फोटोच उरतात. ते उद्घाटनाआधी, रिकाम्या दालनात, ट्रायपॉडवरून काढा: प्रत्येक भिंत पूर्ण, प्रत्येक काम स्वतंत्र, आणि दारातून दिसणारं दृश्य. फाइलला साल, महिना, कलाकार, कामाचं नाव अशा क्रमाने नाव द्या. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दालनाबाहेर. अनुदानाचा पुढचा अर्ज, कलाकाराची पुढची संधी, दोन्ही याच फोटोंवर उभी राहतात.

माणसं टिकवणं

कामाची विभागणी भूमिकांप्रमाणे करा आणि भूमिका दरवर्षी फिरवा: हिशेब, मांडणी, पत्रव्यवहार, इमारत, कार्यक्रम. न फिरवल्यास हिशेब कायम एकाकडे राहतो आणि शौचालय साफ करणं कायम दुसरीकडे. साफसफाई, किल्ल्या, कचरा ही कामं तासांच्या वहीत लिहिलीच पाहिजेत. जी कामं वहीत नसतात तीच करणारा माणूस एक दिवस न बोलता निघून जातो.

ही वही दालनातच ठेवा. प्रत्येकाने आपले तास लिहायचे, महिन्याच्या बैठकीत बेरीज मोठ्याने वाचायची. कोणाचे चार, कोणाचे तीस, असं दिसलं तर दोष देण्याआधी पुढच्या महिन्याची कामं तिथल्या तिथे वाटून घ्या. ज्याला खरंच वेळ नाही त्याला सहा महिन्यांची सुटी मागता यावी, वर्गणी तेवढी चालू ठेवून. बैठक दीड तासाची, विषय आधी लिहिलेले, निर्णय त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठवलेले.

दुसरी वही हस्तांतराची. वीजमीटर कुठे, मुख्य नळ कुठला, रंगाचा लॉट क्रमांक, प्रोजेक्टरच्या दिव्याचा प्रकार, विम्याच्या नूतनीकरणाची तारीख, पासवर्ड कोणा दोघांकडे, कुलूप पावसाळ्यात कसं वर उचलून फिरवावं लागतं, हे सगळं त्यात. नव्या माणसाने ती वाचून एकट्याने दालन उघडून, दिवे लावून, बंद करून दाखवलं की ती पुरी झाली असं समजा. समितीतली सगळी माणसं एकदम बदलू नका. दरवर्षी एक-तृतीयांश बदलली तर शिकवणारं कोणीतरी शिल्लक राहतं.

दालन किती वर्षं चालवायचं, हा प्रश्नही दर तीन वर्षांनी बैठकीत घ्या. लंडनचं सिटी रेसिंग पाच कलाकारांनी जुन्या सट्टेबाजीच्या दुकानात १९८८ साली काढलं आणि दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, बंद केलं. त्या दहा वर्षांचं मोल त्यामुळे कमी झालं नाही. बंद करायचं ठरलं तर सहा महिने हाताशी ठेवा. आधी कबूल केलेली प्रदर्शनं पार पाडा किंवा कलाकारांना दुसरी जागा शोधून द्या. मागच्या खोलीतलं प्रत्येक काम सहीनिशी परत करा. कलाकारांची देणी सगळ्यात आधी, मग पुरवठादार, मग सदस्यांची अनामत. फोटो, करार, निमंत्रणं आणि बैठकांच्या नोंदी एखाद्या ग्रंथालयाला किंवा कलासंस्थेला यादीसकट द्या. जागा घेतल्या दिवशी काढलेले भिंतींचे फोटो बाहेर काढा, भिंती त्याप्रमाणे करा, घरमालकाबरोबर फिरून सही घ्या, आणि किल्ल्यांचे सगळे जुडगे मोजून परत करा.